शेताच्या वाटेवरील जीपगाडीचे टायर व बेताचा पैसा

बैल विकत घेतांना आपला शेतकरी त्याचे दांत मोजतो, खूर उचलून पाहतो, चार पावलें चालवून पाहतो, आणि मगच रुमालाखालीं हात घालून किंमत बोलतो. तोच शेतकरी जीपगाडीसाठीं टायर घ्यावयास तालुक्याच्या गांवीं गेला म्हणजे दुकानदारास एवढेंच सांगतो कीं, "दणकट द्या आणि भाव बेताचा लावा." बैलाच्या खुरास पत्री ठोकतांना जी चिकित्सा आपण करितों ती चाकाच्या खुराविषयीं कां करूं नये ? गाडीचें यंत्र कितीहि बळकट असलें तरी तिचा व जमिनीचा संबंध चार तळहातांएवढ्या जागेपुरताच असतो. ती जागा धड नसेल तर यंत्राचें सारें बळ वायां जातें.

आम्ही यंत्रशास्त्राचे पंडित नव्हे. आमचें शिक्षण मराठी शाळेंत झालें व उमेदीचीं वर्षें तहसील कचेरींत फेरफार, खातीं व वसुलीचे तक्ते लिहिण्यांत गेलीं. परंतु टायरांच्या बाबतींत आम्हीं एक चूक केली व तिची किंमत मोजली. ती चूक आमच्या शेतकरी बंधूंकडून होऊं नये, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहों.

आमची चूक

आमची जमीन गंगाखेड तालुक्यांत दोन ठिकाणीं आहे. एक तुकडा गोदावरीकांठच्या खोल काळींत, दुसरा बालाघाटाच्या पायथ्याशीं मुरमाड माळावर. इ. स. २०२१ सालीं सेवानिवृत्तीच्या रकमेंतून, धाकट्या बंधूंच्या भागीनें, आम्हीं चारहि चाकांस जोर देतां येणारी एक जुनी जीप घेतली. तिचे टायर झिजलेले होते. चार नवे घेण्याइतका पैसा उरला नव्हता. तेव्हां चिखलांत चालणारे मोठ्या खांचांचे दोन नवे टायर मागें बसविले, तेहि ऐटीसाठीं एक माप मोठे. आणि पुढें वापरलेल्या मालाच्या दुकानांतून दोन जुने टायर बसविले. त्यांवरील खांचा चांगल्या खोल दिसत होत्या. निम्म्या पैशांत काम झालें, असें वाटून आम्ही संतुष्ट झालों.

पुढल्या वर्षीं, म्हणजे २०२२ च्या आषाढांत, मध्यरात्रीं बंधूंच्या सुनेस आखाड्यावर प्रसूतिवेदना सुरू झाल्या. आखाड्यापासून डांबरी सडक दोन किलोमीटर, आणि मधली पाणंद निव्वळ काळ्या मातीची. संध्याकाळीं पाऊस पडून गेला होता. निम्मी वाट गेल्यावर पुढच्या टायरांच्या खांचा मातीनें बुजल्या व चाकें गुळाच्या ढेपेसारखीं गोल झालीं. मागचीं चाकें गाडीस पुढें रेटीत होतीं, पण पुढचीं चाकें वळविलीं तरी वळेनात. गाडी सरळ घसरत चरांत गेली. शेवटीं शेजारच्या आखाड्यावरील बैल जुंपून सुनेस बैलगाडींतून सडकेपर्यंत नेलें. ईश्वरकृपेनें बाळ-बाळंतीण सुखरूप राहिलीं. परंतु ती दीड घटका आम्हीं कशी काढली हें आमचें आम्हांस ठाऊक.

दुसऱ्या दिवशीं जीप बाहेर काढली तेव्हां चार चाकांच्या जोराचा दांडा अडकून बसला होता. कारण पुढें समजलें. मागचे टायर मोठे, पुढचे लहान. मागचीं चाकें शंभर मीटर चाललीं कीं तितक्याच फेऱ्यांत पुढचीं चाकें शहाण्णव मीटरच चालूं पाहतात. पुढचा व मागचा आंस दांड्यानें एकत्र जखडलेला असतां ही तफावत दंतचक्रांनींच सोसावी लागते. त्या दुरुस्तीस जो खर्च आला त्यांत दोन नवे टायर आले असते. जुन्या टायरांच्या कडेवरील आंकडा त्या दिवशीं आम्हीं प्रथम वाचला. तो ३४१३ असा होता. म्हणजे ते टायर २०१३ सालच्या चौतिसाव्या आठवड्यांत घडलेले. नऊ वर्षांत त्यांचें रबर लाकडासारखें कठीण झालें होतें. दुकानदारानें वय सांगितलें नाहीं हें खरें, पण आम्हीं तरी कोठें विचारलें होतें ?

१. प्रथम आपली वाट मोजावी

टायराची निवड दुकानांत होत नाहीं, ती घरीं वहीवर होते. यानंतर आम्हीं जीपमध्यें एक वही ठेविली व वर्षभर प्रत्येक फेरी लिहिली. वर्षाअखेर सुमारें ६,००० किलोमीटर झाले. त्यांत डांबरी सडक ४,४००, मुरूम व खडीची वाट १,३००, आणि प्रत्यक्ष काळ्या चिखलांतील चाल अवघी ३०० किलोमीटर. ज्या ३०० किलोमीटरांसाठीं आम्हीं खांचांचे अवजड टायर घेतले होते, ते उरलेल्या ५,७०० किलोमीटरांवर फुकट झिजत होते.

प्रत्येकाचा हिशेब निराळा येईल. कोंकणांतील जांभ्या दगडाच्या वाटेवर चालणारास, उसाच्या पट्ट्यांत पाटाच्या कडेनें जाणारास व सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर राहणारास एकच टायर सोयीचा होणार नाहीं. म्हणून निदान एका पावसाळ्याचा व एका उन्हाळ्याचा हिशेब लिहावा, व मग दुकानाची पायरी चढावी.

२. टायरांच्या तीन जाती

बाजारांत या गाड्यांसाठीं मुख्यतः तीन जातींचे टायर मिळतात.

(अ) सडकेचा टायर, म्हणजे एच. टी. याच्या खांचा अरुंद व उथळ. डांबरावर शांत चालतो, ओल्या सडकेवर चांगला थांबतो, तेल कमी खातो व पुष्कळ टिकतो. चिखलांत मात्र त्याच्या खांचा लवकर भरतात.

(आ) सर्व वाटांचा टायर, म्हणजे ए. टी. खांचा मध्यम रुंद, कडेस धरणारे ठोकळे. मुरूम, खडी, चढउतार येथें हा उत्तम, डांबरावर सोसतो, चिखलांतहि बेतानें काम देतो.

(इ) चिखलाचा टायर, म्हणजे एम. टी. मोठे सुटे ठोकळे व रुंद मोकळ्या खांचा. चाक फिरूं लागलें कीं माती खांचांतून बाहेर फेकली जाते, हाच त्याचा गुण. परंतु डांबरावर तो घुमतो, लवकर झिजतो, जड असल्यामुळें तेल अधिक लागतें, आणि ओल्या गुळगुळीत सडकेवर त्याची पकड सडकेच्या टायराहून कमी असते.

चवथी एक जात जुन्या लष्करी जीपवर दिसते. आडव्या जाड पट्ट्यांचा, पुढें व मागें सारखाच धरणारा ६.०० - १६ मापाचा टायर. तो अरुंद व उंच असल्यामुळें पातळ चिखल कापून खालच्या कठीण थरापर्यंत पोंचतो. म्हणून जेथें चिखलाखालीं मुरूम आहे तेथें तो अजूनहि चांगला. परंतु जेथें कितीहि खोल गेलें तरी मऊच लागतें, तेथें अरुंद चाक रुततें व रुंद चाक तरतें. ट्रॅक्टराचा तिरप्या पट्ट्यांचा टायर पाहून तसाच जीपला असावा अशी इच्छा कित्येकांस होते. पण ट्रॅक्टर सावकाश चालतो, जीप ताशीं साठ-सत्तर किलोमीटर धांवते, हें विसरूं नये.

काळ्या मातीविषयीं एक सत्य स्पष्ट सांगितलें पाहिजे. ही माती पाणी पिऊन फुगते व चिकटते. ती जेव्हां पुरती ओली असते तेव्हां कोणत्याहि किंमतीचा टायर तिच्यावर चमत्कार करीत नाहीं. पाभरीस जसा वाफसा पाहतों तसाच चाकासहि पाहावा. वाफसा नसतां शेतांत जड चाक घातलें तर गाडी तर रुततेच, शिवाय माती दडपून तेथें पुढच्या पिकाचीं मुळें खालीं जात नाहींत. हा तोटा टायराच्या बिलांत दिसत नाहीं, पण खळ्यावर दिसतो.

३. टायराच्या कडेवरील लेख

सात-बाराचा उतारा वाचल्याशिवाय जमीन घेऊं नये, तसा कडेवरील लेख वाचल्याशिवाय टायर घेऊं नये. उदाहरणार्थ, २१५/७५ आर १५ १०० एस असें लिहिलेलें असेल तर त्याचा अर्थ पुढीलप्रमाणें :

२१५ ही टायराची रुंदी मिलिमीटरांत. ७५ म्हणजे कडेची उंची रुंदीच्या शेंकडा ७५. आर म्हणजे रेडियल बांधणी. १५ हा लोखंडी चाकाचा व्यास इंचांत. १०० हा भाराचा आंकडा. तो किलोग्रॅम नव्हे. १०० म्हणजे एका टायरास ८०० किलोग्रॅम, १०४ म्हणजे ९००, १०६ म्हणजे ९५०. शेवटचें अक्षर वेगाचें; क्यू म्हणजे ताशीं १६० किलोमीटर, एस म्हणजे १८०. आपणांस वेगाचें काम नाहीं, पण भाराचें आहे. खताचीं पोतीं व सहा माणसें घेऊन जाणाऱ्यानें मूळ टायराहून कमी आंकड्याचा टायर कधींहि घेऊं नये.

याशिवाय तीन गोष्टी शोधाव्या. पहिली, घडणीची तारीख. चार आंकड्यांपैकीं पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन सालाचे. दुसरी, आय. एस. आय. ची खूण. तिसरी, खांचेच्या तळाशीं असलेले झिजेचे उंचवटे. रबर झिजून या उंचवट्यांशीं समपातळींत आलें म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली. कायद्यानें चारचाकी गाडीस याहून कमी खोली चालत नाहीं. आमच्या मतें पावसाळ्यांत मातीच्या वाटेनें जाणारानें ४ मिलिमीटर उरतांच टायर बदलावा. कारण कायदा सडकेचा विचार करितो, आपणांस चिखलाचा करावयाचा आहे.

वयाविषयीं धोपट नियम असा : पांच वर्षें झालीं कीं दरसाल जाणत्याकडून तपासून घ्यावा, आणि दहा वर्षें झालीं कीं कितीहि तुकतुकीत दिसला तरी उतरवावा. उन्हांत उभ्या राहणाऱ्या गाडीचा टायर न चालतांहि म्हातारा होतो.

४. मोठ्या मापाचा मोह

मोठा टायर बसविला म्हणजे गाडी उंच होते व दिसण्यांत ऐटबाज होते. हिशेब करून पाहूं. २१५/७५ आर १५ या टायराचा व्यास सुमारें ७०३ मिलिमीटर. २३५/७५ आर १५ याचा सुमारें ७३३. फरक ३० मिलिमीटर, आणि त्यांतील निम्माच, म्हणजे १५ मिलिमीटर, गाडीच्या पोटाखालीं मिळतो. अर्ध्या बोटाएवढ्या या लाभासाठीं चाक शेंकडा सवाचार मोठें झालें. वेगाचा कांटा ६० दाखवितो तेव्हां गाडी ६२ च्या वर धांवत असते. यंत्रास चढावर तितकाच अधिक जोर लागतो, ब्रेक दाबल्यावर थांबण्यास अधिक श्रम पडतात, आणि पूर्ण वळणावर टायर मडगार्डास घासूं शकतो. बेताचा पैसा असणारानें गाडीच्या मूळ मापासच चिकटून राहावें.

माप कोणतेंहि असो, चार चाकांस जोर देणाऱ्या गाडीस चारहि टायर एका मापाचे, एका जातीचे व होतां होईल तों सारख्या झिजेचे असावे. पांचवा, म्हणजे जादा टायर, तोहि त्याच मापाचा असावा. कठीण कोरड्या सडकेवर चार चाकांचा दांडा टाकूं नये, तो फक्त घसरत्या वाटेवर टाकावा.

५. ट्यूब असावी कीं नसावी

बाभळीच्या कांट्यांच्या मुलखांत हा प्रश्न महत्त्वाचा. ट्यूब नसलेल्या टायरांत कांटा शिरला तर हवा सावकाश जाते व चाक न काढतां रबरी दोरीनें भोंक बुजवितां येतें. रात्रीं आडरानांत याची किंमत कळते. परंतु त्यास लोखंडी चाकाची कड निर्दोष लागते. जुन्या जीपचीं चाकें गंजलेलीं व ठोकलेलीं असतात. अशा चाकांवर हवा टिकत नाहीं. तेथें ट्यूबेचाच टायर बरा, व तिचें पंक्चर कोणत्याहि नाक्यावर निघतें. चाकें बदलण्याचा खर्च धरूनच या दोहोंची तुलना करावी.

६. पैशाचा खरा हिशेब

टायराची किंमत दुकानांत रुपयांत सांगतात. आपण ती किलोमीटरास पैशांत मोजावी. केवळ समजण्यासाठीं आंकडे घेऊं. ६,००० रुपयांचा सर्व वाटांचा नवा टायर ४५,००० किलोमीटर गेला तर किलोमीटरास सुमारें १३ पैसे पडले. ९,००० रुपयांचा चिखलाचा टायर ३०,००० गेला तर ३० पैसे पडले. आणि २,५०० रुपयांचा जुना टायर १०,००० गेला तर २५ पैसे पडले; म्हणजे स्वस्त म्हणून घेतलेला नव्याच्या जवळजवळ दुपटीनें महाग ठरला. प्रत्येकानें आपल्या गांवचे भाव घालून हेंच गणित मांडावें.

काटकसर कोठें करावी व कोठें करूं नये याचा ताळा असा :

चारहि टायर एकदम घेणें झेपत नसेल तर त्याच मापाचे व जातीचे दोन घ्यावे व ते मागें बसवावे. उरलेल्यांपैकीं चांगले दोन पुढें. मागचीं चाकें घसरलीं तर गाडी गरकन फिरते व ती सांवरणें पुढच्या घसरणीहून कठीण जातें. मात्र पुढचे दोन आमच्यासारखे म्हातारे व निराळ्या मापाचे नसावे, आणि पुढच्या-मागच्या झिजेंत फार अंतर असेल तर चार चाकांचा दांडा चिखलापुरताच वापरावा. एका आंसावर रेडियल व जुन्या आडव्या बांधणीचा टायर एकत्र कधींहि बसवूं नये.

दर ८ ते १० हजार किलोमीटरांस पुढचे टायर मागें व मागचे पुढें करावे, म्हणजे चारहि सारखे झिजतात. चाकांची रेषा तपासून घ्यावी. यास खर्च थोडा, पण टायराचें आयुष्य त्यानें पुष्कळ वाढतें.

नवें रबर चढविलेला जुना टायर ट्रॉलीस चालेल. जीपच्या पुढच्या चाकांस नको. कडेस फुगवटा, आडवी चीर किंवा आंतून ठिगळ असलेला टायर फुकट दिला तरी घेऊं नये. डोंगरवाटेस दगड कडेसच कापतो.

आणि जेथें तेलाची बचत, सडकेवरील आयुष्य व मुरुमावरील पकड हीं तिन्ही हवीं आहेत, तेथें नाणावलेल्या घडणीचा मध्यम भावाचा ए. टी. टायर हाच सामान्य शेतकऱ्याचा मार्ग होय.

७. सर्वांत स्वस्त सुधारणा : हवेचा दाब

चांगला दाबमापक व एक हवेचा पंप यांस जो पैसा लागतो त्याहून अधिक फायदा देणारी वस्तु आम्हीं पाहिली नाहीं. टायर थंड असतां, गाडीवर लिहिलेला दाब ठेवावा. मऊ मातींत किंवा गोदावरीच्या वाळूंत उतरण्यापूर्वीं दाब उतरविला, उदाहरणार्थ चौरस इंचास ३० पौंडांचा २० वर आणला, तर टायर लांबट पसरतो, त्याचा तळवा वाढतो, व रुतणारी गाडी बहुधा निघते. १५ च्या खालीं जाऊं नये. टायर चाकावरून उतरण्याची भीति असते. अशा दाबानें सावकाश चालावें, आणि सडकेस लागण्यापूर्वीं हवा पुन्हां भरावी. कमी हवेचा टायर डांबरावर वेगानें चालविला तर तापतो व फुटतो. म्हणूनच पंप जवळ नसेल तर हवा काढूं नये.

त्या आषाढी रात्रीं आमच्या टायरांत सडकेची पूर्ण हवा होती, व ती कमी करावी हें आम्हांपैकीं एकासहि सुचलें नाहीं. त्यानेंच गाडी निघाली असती असें आम्ही म्हणत नाहीं. पण उपाय हातीं असून केला नाहीं, ही रुखरुख राहिली.

शेवटचा शब्द

२०२२ च्या दसऱ्यास आम्हीं एका मापाचे चार ए. टी. टायर घेतले. आतां जीपमध्यें पंप, दाबमापक, फावडें, दोर व दोन जाड फळ्या कायमच्या असतात. तरीहि भर पावसांत काळ्या मातींत आम्ही जीप घालीत नाहीं. टायराचा हिशेब मांडतां मांडतां आम्हांस कळून आलें कीं, मूळ आजार टायरांत नसून पाणंदींत होता. दोन किलोमीटरांच्या त्या वाटेवर सात खातेदारांचीं शेतें आहेत. प्रत्येकानें एका चिखली टायराएवढा पैसा घातला, माळावरचा मुरूम परवानगी काढून आणला, बाजूंस चर काढले, आणि निम्म्याहून अधिक पाणंद दोन उन्हाळ्यांत कठीण झाली. एका खातेदारानें प्रथम अडवणूक केली होती. परंतु महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम १४३ अन्वयें बांधावरून वाट मागतां येते व चालू वाट अडविली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखालीं अडथळा काढून मागतां येतो, हें आम्हीं त्यांस कागद काढून दाखविलें. अर्ज देण्याची वेळच आली नाहीं. जन्मभर कचेरींत लिहिलेल्या कागदांचा आमच्या स्वतःच्या घरास झालेला हा पहिलाच उपयोग.

तेव्हां शेतकरी बंधूंनो, टायर अवश्य पारखून घ्या. वय वाचा, भार वाचा, चारहि सारखे ठेवा, हवा सांभाळा. परंतु टायरासाठीं काढलेल्या पैशांतून थोडा पैसा बाजूस ठेवून शेजाऱ्यांस एकदां विचारा कीं, यंदा पाणंदीवर मुरूम टाकावयाचा काय ? ज्या मुलीच्या जन्मासाठीं आम्हीं बैल जुंपले, ती त्याच पाणंदीनें आतां स्वतःच्या पायांनीं चालत आखाड्यावर येते व तिचे पाय चिखलांत रुतत नाहींत. इत्यलम्.